एका 'एल'ची जागा

चार वर्षं झाली, तरी ते प्रूफ आठवलं की अजून राग येतो. लंडनच्या एका प्रकाशनाचं तत्त्वज्ञानाचं पुस्तक आम्ही पुण्यात लेटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लावलं होतं. दुसरं प्रूफ परत आलं ते पानोपानी लाल खुणा घेऊन. 'नॉलेज' ओळीच्या शेवटी तुटला होता आणि त्यातला 'एल' वरच्या ओळीत राहिला होता. त्यांना तो खाली हवा होता. समासात शेरा : ही अमेरिकन तोड आहे, भारतात असंच करतात.

स्पेलिंग सगळं ब्रिटिश होतं, आम्ही दोनदा तपासलेलं. पण अमेरिकन कोश शब्द उच्चारावर तोडतात, जुनी ब्रिटिश पद्धत शब्दाच्या घडणीवर. लेटेक ज्यावर उभं आहे त्या टेकमधले शब्द तोडण्याचे मूळ नमुने स्टॅनफर्डच्या फ्रँक लियांगने वेबस्टरच्या कोशावरून काढले. त्याचा प्रबंध १९८३चा. ब्रिटिश नमुने ऑक्सफर्डच्या शब्दयादीवरून वेगळे झाले आणि त्या कामात डॉमिनिक वुजास्टिक हे संस्कृतचे अभ्यासक होते. बेबल या लेटेकच्या भाषाविषयक पॅकेजमध्ये नुसतं 'इंग्लिश' लिहिलं की अमेरिकन नमुने लागतात. ब्रिटिश हवे असतील तर 'ब्रिटिश' असं लिहावं लागतं. आमच्या फाइलमध्ये 'इंग्लिश' होतं, आणि ती ओळ त्यांनीच पाठवलेल्या टेम्प्लेटमधली होती!

तो एक शब्द बदलायला दहा सेकंद लागले. पण टेक ओळीपुरतं बघत नाही, अख्खा परिच्छेद एकदम तोलतं. एक तोड हलली की वरच्या ओळीही हलतात. कुठे परिच्छेद एका ओळीने वाढला, कुठे घटला, पानं सरकली, तळटीपा पुढच्या पानावर गेल्या. लेखिकेने दुसऱ्या प्रूफावरून हाताने केलेली सूची वाया गेली. माझ्या दोन सहकाऱ्यांनी आठवडाभर बसून सूचीतले पानांचे आकडे पुन्हा लावले. बिलात त्याचे पैसे मिळाले नाहीत. टेम्प्लेट तुमचंच आहे, हे मी तीन वेळा लिहून कळवलं; त्या मुद्द्यावर एकदाही उत्तर आलं नाही.

खरं सांगायचं तर अमेरिकन तोडच मला पटते. वरच्या ओळीत 'नो' वाचून खाली 'लेज' आलं की जीभ अडखळते. 'एल' वर राहिला तर शब्द कानाला ओळखू येतो. तरी पुस्तक त्यांचं, रीतही त्यांचीच.

या धंद्यात असाल तर ग्राहकाच्या टेम्प्लेटवर विसंबू नका. काम सुरू करण्याआधी 'नॉलेज' टाइप करून तो कुठे तुटतो ते बघा, आणि ते ग्राहकाकडून लेखी मंजूर करून घ्या.