देवयानी जवळ येते आहे

विश्व प्रसरण पावतंय हे शाळेत कळलं, तेव्हापासून माझ्या मनातलं विश्वाचं चित्र पांगापांगीचंच होतं. त्याला पहिला धक्का दिला तो देवयानी दीर्घिकेने. १९१२ साली अमेरिकेत फ्लॅगस्टाफच्या वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी तासन्‌तास दुर्बीण रोखून तिच्या फिक्या प्रकाशाचा वर्णपट टिपला. त्यातल्या रेषा निळ्या बाजूला सरकलेल्या निघाल्या. म्हणजे ती सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत होती! सूर्याच्या स्वतःच्या भ्रमणाचा वेग वजा केला तरी ११० उरतातच. ती आहे २५ लाख प्रकाशवर्षांवर. नुसत्या प्रसरणाच्या हिशेबाने तिने पन्नासेक किलोमीटर वेगाने लांब जायला हवं होतं.

तिला माघारी वळवलं गुरुत्वाकर्षणाने. बाल्यावस्थेतल्या विश्वात घनतेचा फरक लाखात एखाद्या भागाइतकाच होता. जिथे द्रव्य किंचित जास्त, तिथे ते पांगता पांगता मंदावलं, थबकलं आणि आत कोसळू लागलं. आधी न दिसणारं कृष्णद्रव्य गोळा झालं; त्याच्या ओढीने वायू आला, निवला आणि त्यातून तारे पेटले. लहान दीर्घिका एकमेकींत मिसळून मोठ्या झाल्या. आपली आकाशगंगाही तशीच वाढली. धनू राशीच्या दिशेची एक बटुदीर्घिका ती आजही गिळते आहे. एवढ्या अफाट पांगापांगीतही जवळचं द्रव्य एकमेकांना धरून राहिलं, म्हणून सूर्य झाला, आपण झालो. मला याचा फार आधार वाटतो.

दीर्घिकांची टक्कर म्हटली की विध्वंस डोळ्यांसमोर येतो. पण सूर्य ज्वारीच्या दाण्याएवढा धरला, तर त्याच्या सर्वांत जवळचा तारा पुण्याहून थेट मुंबईइतका लांब पडेल. असे दाणे एकमेकांवर आदळणार तरी कसे? आदळतात ते वायूचे ढग, आणि त्यातून ताऱ्यांची नवी पिढी जन्मते.

देवयानीची आपल्या आकाशगंगेशी गाठ सुमारे ४०० कोटी वर्षांनी पडणारच, असं २०१२ साली हबल दुर्बिणीच्या मोजमापांवरून सांगितलं गेलं. २०२५ मध्ये शेजारच्या दीर्घिकांची ओढही हिशेबात धरली, तेव्हा पुढच्या १००० कोटी वर्षांत दोघी एक होण्याची शक्यता जेमतेम निम्मी निघाली. मोठ्या मॅगेलनी मेघासारखा लहानसा शेजारी एवढा फरक पाडतो, हे मला त्या भाकितापेक्षाही मोलाचं वाटतं.

कार्तिकात शहराच्या दिव्यांपासून लांब असाल, तर रात्री नऊच्या सुमाराला माथ्यावरून थोडं उत्तरेकडे पाहा. शर्मिष्ठा तारकासमूहाजवळ एक धुरकट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तीच देवयानी. घरातल्या मुलांनाही दाखवा.