गॅरेजातील गारवा

ज्याच्याजवळ मोटार नाही त्याच्याच घराला गॅरेज असावे, असे योग भाडेकऱ्यांच्या पत्रिकेत फार असतात. भिलाईस बदली झाली तेव्हा आमच्या वाट्याला असेच घर आले. गॅरेजास वर पत्रा, पुढे लोखंडी शटर. आत आमची स्कूटर एकटी नांदत असे. पुढे आई गेली, आणि अण्णा आपले रंधे, पटाशा व करवती घेऊन साताऱ्याहून आमच्याकडे राहावयास आले. स्कूटर व्हरांड्यात गेली.

अण्णा पेशाने शाळामास्तर. सुतारकाम हा त्यांचा छंद. घरात ते पाहुण्यासारखे संकोचून वावरत. गॅरेजात मात्र यजमान होत. पण मे उजाडला, पारा चव्वेचाळीस अंशांस टेकला, आणि डॉक्टरांनी त्यांना त्या भट्टीत पाऊल टाकण्यास मनाई केली. अण्णा दिवसभर खाटेवर आढ्याकडे पाहत पडू लागले. एके रात्री म्हणाले, "अरे, पावसाआधी मला गावी पोहोचवून ये." गावच्या घरी आता कोणीही नव्हते.

शेजाऱ्यांनी कूलर सुचविला. छत्तीसगडच्या कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम चालतो. पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता शोषली जाते. परंतु ती वाफ हवेतच राहते आणि लाकूड ती पिऊन फुगते. आठ दिवसांत अण्णांच्या टेबलाचा खण असा अडून बसला की दोघांनी ओढूनही हलेना. शिवाय श्रावणात हवाच ओली. तेव्हा कूलर नुसता पंखा!

याच सुमारास आमच्या वाचनात आले की, १९०२ साली विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने आधुनिक वातानुकूलनाची पहिली योजना आखली ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. दमट हवेने कागद फुगे आणि रंगांची जुळणी बिघडे. म्हणजे हे यंत्र प्रथम माणसाच्या चैनीसाठी नव्हे, कागदाच्या हट्टासाठी जन्मले! मग लाकडाच्या हट्टासाठी का नको? कारकुनी मनाला खर्चासाठी एवढा आधार पुरतो. त्या वर्षीची सहल रद्द झाली. सौभाग्यवतींनी ती आमच्याआधीच रद्द केली होती.

"दीड टनाचे यंत्र" हे शब्द ऐकताच अण्णांनी भिंत ठोठावून पाहिली. पोलादाच्या गावी टन म्हणजे वजनच! येथे त्याचा अर्थ निराळा: दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी खोलीबाहेर काढण्याची शक्ती. मिस्त्री शहाणा निघाला. "आधी पत्र्याचा बंदोबस्त करा," म्हणाला. पत्र्यावर पांढरा रंग चढला, खाली काचतंतूंची गादी व तक्त्यांचे छत आले, शटरच्या फटींत रबर बसले, मीटरपासून स्वतंत्र तार आली. मग एका टनावर भागले. या गावात १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली. सुमारे दीड हजार अंशांचे लोखंड आजही येथे वाहते, आणि आम्ही एका खोलीतील पंधरा-सोळा अंशांसाठी एवढा खटाटोप मांडला होता.

भुशाने जाळी चोंदते, म्हणून अण्णा ती दर रविवारी स्वतः धुतात. आम्हांला हात लावू देत नाहीत. विजेच्या बिलाचा आकडा विचारतात; आम्ही थोडा कमी करून सांगतो. गावी जाण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला नाही. तो अडलेला खण तासून सरळ झाला आहे. दुसऱ्याला अद्याप मूठ बसावयाची आहे.