काळ्या दगडातली चित्रकला

बीड म्हटलं की तुम्हाला दुष्काळ आठवतो, नाहीतर ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या. पण याच बीड शहरात चित्रकलेची एक छान शाळा आहे. तिथं ना फळा, ना खडू! ती शाळा म्हणजे कंकालेश्वराचं मंदिर. चला तर, वही-पेन्सिल घ्या!

पाण्याच्या कुंडाच्या मधोमध हे महादेवाचं देऊळ उभं आहे. जाणकार ते चालुक्य-यादव काळातलं मानतात. महाशिवरात्रीला इथं मोठी जत्रा भरते. आपण मात्र गर्दी नसलेल्या दिवशी, सकाळी सकाळी जाऊ या.

कुंडाच्या काठावर बसा आणि आधी फक्त रेषा शोधा. दगडाचे थर म्हणजे आडव्या रेषा. त्या शांत वाटतात. खांबांच्या उभ्या रेषा नजर वर नेतात. आता आकार पाहा. देवळाची भिंत सरळ नाही, चांदणीसारखी आत-बाहेर जाणारी आहे. प्रत्येक कोपऱ्याची एक बाजू उन्हात, तर दुसरी सावलीत! म्हणून दगड एकच, पण छटा कितीतरी. यालाच म्हणतात छायाप्रकाश. सपाट कागदावर काढलेलं देऊळ भरीव दिसतं, ते याच्याच जोरावर.

दगडाचा खरखरीतपणा किंवा गुळगुळीतपणा म्हणजे पोत. तो डोळ्यांनीही कळतो, बरं का! नक्षीकामाला हात लावू नका. कुंडात पाणी असलं की देऊळ उलटं दिसतं. वारा आला की त्या प्रतिबिंबातल्या सरळ रेषा नागमोडी होतात.

मग रंगाचं काय? हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून तो बनला. या काळ्यावर झेंडूचं एक फूल ठेवून बघा, कसं उजळून निघतं! रंग एकटा कधीच दिसत नाही, शेजारच्या रंगामुळे तो खुलतो किंवा फिका पडतो. फाल्गुनात बालाघाटाच्या डोंगरात पळस फुलतो. त्याचा केशरी रंग निळ्या आभाळावर पेटल्यासारखा दिसतो, कारण केशरी आणि निळा हे विरोधी रंग आहेत.

वर्गात एक वाक्य नेहमी ऐकू येतं, "गुरुजी, माझ्याकडं रंगपेटी नाही." आई-बाबांबरोबर सहा-सहा महिने कारखान्यावर जाणाऱ्या मुलाच्या दप्तरात ती कुठून येणार? पण लाल, पिवळा, निळा हे तीन मूळ रंग घरातच असतात : कुंकू, हळद आणि कपड्यांची नीळ. हळदीत नीळ मिसळली की हिरवा, कुंकू मिसळलं की केशरी. काळ्यासाठी चुलीतला कोळसा आहेच. आणि यातलं काहीच नसलं, तरी पेन्सिल आहे ना? एकाच रंगाच्या दगडात कारागिरांनी एवढं सगळं दाखवलंय!

तेव्हा तुमच्या गावचं देऊळ, मशीद, वेस, नाहीतर जुनी विहीर निवडा. सकाळी एक चित्र काढा, संध्याकाळी दुसरं, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. सावली कुठून कुठं सरकली?