बंद खोली

वाईपासून सुमारे कोसभर अंतरावर, कृष्णातीरी, मेणवली येथे नाना फडणविसांचा वाडा आहे. तो पाहण्याचा योग गेल्या माघात आला. चौकामागून चौक ओलांडीत असता धाकट्या चिरंजीवांनी विचारले, “इतक्या रिकाम्या खोल्यांचा उपयोग काय?” नाना 1800 साली निवर्तले, त्यांचे दफ्तर मात्र ह्याच वाड्यात राहिले, पुढे पारसनिसांच्या हाती लागले, आणि आज ते पुण्यास डेक्कन कॉलेजात आहे. हे मी त्यास सांगितले खरे. पण सांगता सांगताच मला आमच्या घरची बाळंतिणीची खोली आठवली.

बाळंतपणे इस्पितळात होऊ लागल्यापासून तिला कुलूप होते. परतल्यावर ते काढले. कोनाड्यात आजोबांच्या रोजकीर्दीच्या सात वह्या होत्या. सहा वाळवीने खाल्लेल्या. सातवीत वडिलांची जन्मतिथी व सुईणीस दिलेल्या लुगड्याचा खर्च व्यवस्थित मांडलेला होता. ऐंशी वर्षांच्या आत्याबाईंनी हळूच विचारले, “आणि माझी तिथी रे?”

मला उत्तर देववले नाही. बंद खोली ठेवा राखते, हे खरे. परंतु तिची खबर घेणारे कोणी असावे लागते. आता त्या खोलीची खिडकी आम्ही रोज उघडतो.