तपकिरी एलच्या गावी

मैत्रिणींनो, शीर्षक वाचून भुवया उंचावू नका बरं! इंग्लंडला जाऊन आलं की राजवाड्यावर आणि लंडनच्या घड्याळावर लिहायचं, हा आपल्याकडचा रिवाज. मी मात्र लिहिणार आहे ईशान्य इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरावर आणि तिथल्या एका बाटलीवर. तेही चाखून!

न्यूकॅसल हे टाइन नदीकाठचं कष्टकऱ्यांचं शहर. एकेकाळी कोळसा आणि जहाजबांधणी यांवर पोसलेलं. नदीवरचा मोठा कमानदार पूल १९२८ सालचा. त्याच्या आदल्याच वर्षी 'न्यूकॅसल ब्राऊन एल' बाजारात आली. एल हा बिअरचाच जुना प्रकार. जिम पोर्टर नावाच्या गृहस्थांनी तीन वर्षं खटपट करून ही तपकिरी एल सिद्ध केली. गावात तिचं लाडकं नाव 'डॉग'! "जरा कुत्र्याला फिरवून आणतो" असं सांगून नवरोजी घराबाहेर पडत म्हणे. घरी कुत्रा नसला, तरी बायको काय ते समजत असणार!

आमचे भावजी तिथे नोकरीला आहेत. एका संध्याकाळी जाऊबाईंनी बाटली टेबलावर मांडली. तिथल्या रीतीप्रमाणे मोठा ग्लास घेत नाहीत. लहान ग्लासात थोडी थोडी ओततात, म्हणजे फेस टिकतो. मद्यार्क ४.७ टक्के. "हे" माझ्याकडे बघत राहिले. मी मात्र पेपर तपासायला बसावं तशी बसले.

रंग : दहापैकी नऊ. काकवीसारखा, उजेडात धरला की तांबूस झाक.

वास : सहा. फ्रीजमधून काढल्याबरोबर काहीच कळेना. दहा मिनिटांनी भाजलेल्या दाण्यांचा आणि शेकलेल्या पावाचा मंद वास आला. गार आमटीला तरी कुठे वास असतो?

चव : सात. आधी गोडसर, पुडिंगच्या तळाशी जाळलेल्या साखरेची आठवण करून देणारी. मग किंचित कडवट, पण मेथीइतकी नव्हे.

शेवट : पाच. घोट गिळला की चव लगेच पळते, काहीशी पाणचट वाटते.

एकूण चाळीसपैकी सत्तावीस. पहिला वर्ग मिळाला, विशेष प्रावीण्य नाही!

आपल्याला यातलं काय कळतं, असं म्हणू नका. जव भिजवायचे, मोड आणायचे, सुकवायचे, भाजायचे, की झाला माल्ट. नाचणीचं सत्त्व करताना आपण दुसरं काय करतो? भाजणी कुठवर खमंग आणि कुठे करपली, हे वासावरून ओळखणाऱ्या बाईला हा तपकिरी रंग कुठून आला ते कुणी शिकवायला नको.

आणि गंमत म्हणजे, मध्ययुगात इंग्लंडमध्ये एल करायची ती बायकाच! घरच्या चुलीवर करायची, घरच्यांना पुरवायची, उरेल ती शेजाऱ्यांना विकायची. दाराबाहेर काठी लावली की एल तयार झाली, ही खूण. ही एल फार दिवस टिकत नसे, म्हणून थोडी थोडी करावी लागे. पुढे हॉप नावाच्या वेलीची कडू फुलं घालायची पद्धत आली. पेय टिकू लागलं, लांबवर जाऊ लागलं. मोठी पिंपं आली, भांडवल आलं, आणि धंदा हळूहळू पुरुषांकडे गेला. चार पैसे मिळवून देणारं घरचं काम बायकांच्या हातून कसं सुटतं, याचा हा एक नमुनाच.

पुढे न्यूकॅसलच्या हातूनही ही एल सुटली. २००० साली तिला युरोपात भौगोलिक संरक्षण मिळालं होतं, म्हणजे ती त्याच शहरात व्हायला हवी. पण २००५ मध्ये शहरातला कारखाना बंद झाला आणि काम नदीपलीकडे गेट्सहेडला गेलं. नदी ओलांडली म्हणून ते संरक्षण रद्द करून घ्यावं लागलं! २०१० मध्ये तर काम पार यॉर्कशायरमधल्या टॅडकास्टरला गेलं. बाटलीवर नाव मात्र न्यूकॅसलचंच. जुन्या कारखान्याच्या जागी आता विज्ञान-संशोधनाच्या चकचकीत इमारती आहेत. आम्ही तिथे फिरून आलो. माल्टचा वास कुठेच नव्हता.

आता स्पष्टच सांगते. दारूपायी मोडलेले संसार आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. आपल्याच महाराष्ट्रात बायकांनी 'आडव्या बाटली'ला मत देऊन गावोगावची दुकानं बंद पाडली. त्यांच्याबद्दल मला आदरच वाटतो. तेव्हा चाखा असा माझा मुळीच आग्रह नाही. मी अर्धा ग्लास प्याले, गुण दिले आणि थांबले.

तिकडे गेलात आणि कुणी ग्लास पुढे केला, तर हो किंवा नाही, जे म्हणायचं ते मनापासून म्हणा. हो म्हणालात तर जेवणाबरोबर घ्या, फार गार नको, आणि अर्ध्या ग्लासावर थांबा. नाही म्हणालात तरी काही बिघडत नाही. संध्याकाळी टाइनच्या पुलावर उभं राहून नदी बघा. तिला मी दहापैकी दहा दिले आहेत.