ऐकत नाही

आमच्या उर्दू शाळेत पहिली-दुसरीला आम्ही दोघी शिक्षिका. दोघी बी.एड्. झालेल्या. दोन वर्षांपूर्वी पहिलीतल्या एका मुलीच्या प्रगतिपुस्तकात आम्ही शेरा लिहिला : ‘ऐकत नाही. लक्ष देत नाही.’ तो शेरा आठवला की आजही आमची मान खाली जाते.

जव्हार-मोखाड्याचा पाऊस जूनमध्ये बसला की चार महिने उठत नाही. घरात ओली लाकडं, चुलीचा धूर आणि पोरांची सर्दी. शाळेच्या पत्र्यावर सरी कोसळू लागल्या की आमचा आवाज तिसऱ्या ओळीपर्यंतही पोचत नाही. अशा दिवसांत ती मुलगी मागे बसून शेजारणीचं बघून लिहायची. इमला घेताना ‘सात’ सांगितलं तर ‘रात’ लिहायची. हाक मारली तरी वळायची नाही. आम्ही तिला हट्टी समजलो. एकदा वर्गाबाहेरही उभं केलं.

मग राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला आलं. २०१३ पासून ही पथकं शाळा-अंगणवाड्यांतून फिरतात. डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे उभं राहून हळूच नाव घेतलं. ती समोर बघत राहिली. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

तिच्या अम्मीबरोबर आम्हीही एस.टी.ने नाशिकला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. एका कानात मळाचा खडा होता. औषधाचे थेंब टाकून तो मऊ केला आणि मग काढला. अम्मी केसातल्या पिनेने मळ काढायची. डॉक्टर म्हणाले, मळ कानाची राखणच करतो आणि बहुतेक वेळा आपोआप बाहेर येतो. पिन, काडी घातली की तो आणखी आत ढकलला जातो. लसूण घालून गरम केलेलं तेलही नको. कान वाहत असेल, पडद्याला भोक असेल, तर त्या तेलाने इजा होते.

पण खरं दुखणं पडद्यामागे होतं. दोन्ही कानांत पाणी साचलं होतं. कानाची आतली पोकळी नाकामागच्या भागाला एका नळीने जोडलेली असते. लहान मुलांत ती नळी आखूड आणि आडवी असते. सर्दीने ती बंद झाली की आत पाणी धरतं. बहुधा ताप नाही, ठणका नाही, म्हणून कुणाला कळतही नाही. पोराला मात्र सगळं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येतं.

औषधांचा ढीग मिळेल असं आम्हाला वाटलं होतं. डॉक्टर म्हणाले, या पाण्याला अँटिबायोटिक लागत नाही. बहुतेक मुलांत ते तीन महिन्यांत जिरतं. तोवर हिला पुढे बसवा, तोंडाकडे बघू द्या, धुरापासून दूर ठेवा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा. तरीही पाणी राहिलं आणि ऐकू कमी येत असेल, तर पडद्यात बारीक नळी बसवण्याचा विचार करू.

परतताना अम्मी एवढंच बोलली, “आपा, हमने भी मारा है उसको. समझे, सुनती नहीं.” आम्हाला उत्तर सुचलं नाही. मारणारी ती एकटी नव्हती. आमचा शेराही मारच होता.

तीन महिन्यांनी पाणी जिरलेलं निघालं. नळीची गरज पडली नाही. आता ती हाकेसरशी वळते. पण पहिलीचा तो सबक अजून कच्चा आहे. सुट्टीनंतर आम्ही आळीपाळीने तिला घेऊन बसतो.

बी.एड्.ला आम्ही बालमानसशास्त्र शिकलो, पण पोराच्या पाठीमागे उभं राहून हळूच हाक मारावी, हे काही शिकलो नव्हतो. आता जूनमध्ये आणि पाऊस सरल्यावर प्रत्येक मुलाला तशी हाक मारतो. ही काही डॉक्टरी तपासणी नव्हे. पण कुणाला डॉक्टरांकडे न्यायचं, तेवढं कळतं.

मराठीत ‘ऐकत नाही’ आणि उर्दूत ‘सुनता नहीं’. दोन्ही भाषांत या शब्दांचा अर्थ आपण हट्टीपणा असाच घेतो. आपल्या घरात एखादं लेकरू या शब्दांपायी बोलणी खात असेल, तर हात उगारण्याआधी त्याचा कान दाखवून आणा.