घर गाठलं तर धाव

मंडळी, आम्हां बडोदेकरांना ५७७ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. १९४७ ची रणजी फायनल, विजय हजारे २८८, गुल महंमद ३१९! समोर होळकरांचा संघ होता, इंदूरकरांनी राग मानू नये. धाव म्हणजे बॅटने कमावलेली, हेच आमच्या डोक्यात पक्कं.

न्यूजर्सीतल्या भाच्याचा मुलगा बेसबॉल खेळतो. त्याच्यामुळे तो खेळ कळू लागला आणि हे गणितच बदललं. तिथे फटका कितीही छान मारा, तीन बेस पार करून होम प्लेटला, म्हणजे घराला, पाय लागला तरच तुमच्या नावावर एक धाव. बरेचदा मागून येणाऱ्याच्या फटक्यावर घर गाठावं लागतं.

बिली हॅमिल्टन त्याच न्यूजर्सीतल्या नेवार्कचा. १८९४ च्या एका हंगामात फिलाडेल्फियाकडून त्याने आजच्या नोंदींप्रमाणे १९८ धावा काढल्या. बेब रूथसुद्धा १९२१ मध्ये १७७ वर थांबला. १८९३ पासून चेंडू टाकणाऱ्याला साडेसाठ फुटांवर, म्हणजे आधीपेक्षा लांब उभं केलं, त्यामुळे फटके वाढले होते. हॅमिल्टन कसंही करून पहिला बेस गाठायचा, पळून दुसरा चोरायचा, आणि मागून एड डेलाहँटी, सॅम थॉम्प्सन त्याला घरी आणायचे.

पण मनात राहिला तो हॅरी स्टोवी. १४८६ सामन्यांत १४९२ धावा, सामन्यांपेक्षा धावा जास्त! आडनाव मात्र खरं नव्हे, मूळचं स्टो. पोरगा पैसे घेऊन खेळतो हे आईला पेपरातून कळू नये म्हणून बदललं, असं सांगतात. पुढे त्याने न्यू बेडफर्डला पोलिसात नोकरी केली. हॅमिल्टनला १९६१ साली हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली, स्टोवी अजून बाहेरच.

आमचे थोरले काकाही असेच. आजोबांच्या लेखी क्रिकेट म्हणजे उनाडक्या, म्हणून काका स्कोअररला मित्राचं आडनाव सांगायचे. पेपरात धावा छापून यायच्या, त्या मित्राच्या नावावर! घरी सकाळी आजोबाच तो पेपर वाचायचे, आणि काका मुकाट्याने चहा प्यायचे. काका गेले. कात्रणं ट्रंकेत आहेत, पण कुठल्या धावा मित्राच्या आणि कुठल्या काकांच्या, हे आता एकट्या आत्याला ठाऊक. तिला ८८ वं लागलंय.

स्टोवीच्या १४९२ धावांशेजारी आज त्याचं जन्माचं आडनावही छापतात. कुणीतरी शोधून लिहून ठेवलं म्हणूनच ना? गेल्या महिन्यात आत्याजवळ बसून सात कात्रणांच्या मागे पेन्सिलीने काकांचं नाव लिहिलं. अजून बरीच बाकी आहेत. तुमच्याही घरी अशी ट्रंक आणि अशी आत्या असेल, तर दिवाळीच्या सुट्टीची वाट बघू नका.